तपासणी आधी कोणाची?

गेल्या वर्षी मे महिन्यात एका निकाहच्या निमित्ताने आम्ही नामपूरला गेलो होतो. बागलाण तालुक्यातले हे गाव मोसम नदीच्या काठी वसले आहे. हीच मोसम पुढे मालेगावात जाते. त्या दिवसांत नदीचे पात्र कोरडे होते. बाजार समितीच्या रस्त्याला उन्हाळ कांद्याने भरलेली वाहने उभी होती, आणि ज्या घरी आम्ही उतरलो त्या घरामागच्या चाळीत कांदा भरण्याचे काम चालू होते.

घरातल्या चाचांनी आम्हाला चाळ दाखवली. चाळीचा तळ जमिनीवर टेकलेला नव्हता, चांगला दीड-दोन फूट उचललेला होता. खालून फटी, बाजूंनी फटी, वर छप्पर. आम्ही विचारले, "एवढी मोकळी का ठेवता? माल सुरक्षित राहायला बंद खोली बरी नाही का?" चाचा हसले. "बंद खोलीत ठेवला तर महिन्यात सडेल. कांद्याला हवा लागते. ऊब धरली की तो आतून जातो. वरून चांगला दिसतो, दाबून पाहिला की कळतं."

संध्याकाळी आम्ही शेजारच्या घरी चहाला गेलो. तिथल्या खालांनी बोलता बोलता आपले दुःख सांगितले. मुलाच्या निकाहला चार वर्षे झाली, घरात पाळणा हलला नाही. सुनेला तीन डॉक्टरांना दाखवून झाले. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, गर्भनलिका उघड्या आहेत की नाहीत ते पाहण्यासाठी दुखणारा एक्स-रेसुद्धा झाला. सगळे ठीक निघाले. मग एका बाबांचा ताईत, एका हकीमसाहेबांच्या पुड्या. आता बिरादरीतली माणसे दुसऱ्या निकाहची गोष्ट काढू लागली होती, आणि सून पंधरा दिवसांपासून माहेरी होती.

आम्ही विचारले, "खाला, मुलाची तपासणी केली का?"

खाला आमच्याकडे पाहतच राहिल्या. "त्याला काय झालंय? चार वर्षं कांद्याचा ट्रक चालवतोय, पार परराज्यात जातो. पन्नास किलोची गोणी एकटा पाठीवर घेतो."

त्या घरची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील वगळून आम्ही हे लिहीत आहोत. हे एका घरापुरते नाही. या सदराला येणाऱ्या पत्रांत अपत्य नसल्याचे दुःख भगिनीच लिहितात, आणि आपल्या तपासण्यांची यादी देतात. त्या यादीत पतीचे नाव क्वचितच असते.

विषय नाजूक आहे. काही घरांत हे पान मुलांसमोर मोठ्याने वाचले जाणार नाही, ते योग्यच आहे. पण हया म्हणजे अज्ञान नव्हे. दीन समजून घेण्यात लाज आड येऊ दिली नाही म्हणून हजरत आयेशा (र.) यांनी अन्सार स्त्रियांची प्रशंसा केली होती, हे आपण जाणतो. तोच धडा घेऊन आज पुरुषाच्या शरीराविषयी थोडे बोलू.

आधी एक हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण असते. काहींत ते एकटेच, काहींत स्त्रीच्या कारणाबरोबर. म्हणजे जिथे फक्त सुनेची तपासणी होते, तिथे आपण अर्धे घर अंधारात ठेवून हरवलेली वस्तू शोधत असतो.

आता चाचांच्या चाळीकडे परत येऊ.

अल्लाहने माणसाचे हृदय, यकृत, मूत्रपिंड असे मोलाचे अवयव शरीराच्या आत, बरगड्यांच्या आणि स्नायूंच्या आड ठेवले. मग पुरुषाचे वृषण, ज्यात पुढच्या पिढीचे बीज तयार होते, ते बाहेर पिशवीत का? उत्तर कांद्याच्या चाळीसारखेच आहे: गारव्यासाठी. आपले शरीर आतून सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी त्यापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. म्हणून थंडीत ती पिशवी आकसून शरीराजवळ येते आणि उकाड्यात सैल होऊन लांब जाते. तिची कातडी पातळ असते, तिच्यात चरबी नसते आणि घाम भरपूर येतो. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या धमनीभोवती शिरांचे जाळे असते. परत येणारे गार रक्त त्या जाळ्यातून जाताना आत जाणाऱ्या गरम रक्ताची उष्णता काढून घेते. इतकी सगळी व्यवस्था दोन-तीन अंशांसाठी आहे.

हे दोन-तीन अंश एवढे महत्त्वाचे का, हे समजायला थोडे पेशीच्या आत डोकवावे लागेल.

१९६० च्या सुमारास इटलीचे शास्त्रज्ञ फेरुच्चिओ रितोसा फळमाश्यांवर काम करत होते. एकदा प्रयोगशाळेतल्या कोणीतरी माश्यांच्या पेशी ठेवलेल्या पेटीचे तापमान चुकून वाढवले. रितोसांनी त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा गुणसूत्रांच्या ठराविक जागा फुगलेल्या दिसल्या. उष्णता लागताच पेशीने काही खास जनुके कामाला लावली होती. १९६२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे कळले की ही जनुके एक विशिष्ट प्रकारची प्रथिने तयार करतात. त्यांना 'हीट शॉक प्रोटीन' म्हणतात. आपण त्यांना 'ताप-रक्षक प्रथिने' म्हणू.

त्यांचे काम काय? पेशीतले प्रत्येक प्रथिन म्हणजे विशिष्ट तऱ्हेने घडी घातलेला धागा असतो. घडी बरोबर असेल तरच ते काम करते. उष्णतेने घडी विस्कटते. अंडे उकडले की पातळ पांढरे घट्ट होते, ते असेच. ते पुन्हा पातळ होत नाही. ताप-रक्षक प्रथिने घडी विस्कटू लागलेल्या प्रथिनांना सावरून धरतात, पुन्हा घडी घालतात, आणि जे दुरुस्त होण्यापलीकडे गेले ते बाजूला काढायला मदत करतात. घरात लग्नाची गर्दी असताना एखादी अनुभवी आपा जशी न बोलता सगळे सावरते, तसे.

वृषणात या प्रथिनांचे काम दुहेरी आहे. त्यांतली काही तिथे उष्णता नसतानाही कायम हजर असतात, कारण शुक्राणू घडवणे हे फार नाजूक काम आहे. गोल पेशीपासून डोके, मान आणि शेपटी असलेला शुक्राणू तयार होतो. एचएसपीए-२ नावाचे असे एक प्रथिन आहे. १९९६ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांतले त्याच्या जोडीचे जनुक बंद करून पाहिले. नर उंदरांत शुक्राणूच तयार झाले नाहीत. बीजपेशी विभागणीच्या मधल्या टप्प्यावर अडकून मरून गेल्या. त्याच जनुकाविना जन्मलेल्या माद्यांना मात्र पिल्ले झाली. पुढे माणसांतही दिसले की काही वंध्य पुरुषांच्या शुक्राणूंत हे प्रथिन कमी असते, आणि स्त्रीबीजाला ओळखून चिकटण्यात त्याचा वाटा असतो.

दुसरे काम संकटातले. वृषणात धोक्याची घंटा लवकर वाजते. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की शरीराच्या इतर पेशी जे तापमान सहज सोसतात, त्या तापमानालाच वृषणातल्या पेशींचा बचाव सुरू होतो. पण घडत असलेल्या बीजपेशींचा हा बचाव तोकडा पडतो. उष्णता टिकून राहिली, तर शरीर त्या बिघडलेल्या पेशी वाचवत बसत नाही, काढून टाकते. बिघडलेले बीज पुढच्या पिढीत जाऊ नये अशी ही तजवीज दिसते. पण त्याची किंमत म्हणजे शुक्राणूंची संख्या घटते.

हे माणसांतही पाहिले गेले आहे. इटलीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा निरोगी पुरुषांना तीन महिने आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटे सौना म्हणजे ८० ते ९० अंशांच्या गरम खोलीत बसवले. तीन महिन्यांनी त्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही बरीच घटली होती, आणि उष्णतेला तोंड देणारी जनुके जोरात काम करताना दिसली. त्यांच्या रक्तातल्या लैंगिक संप्रेरकांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. सौना बंद केल्यावर सहा महिन्यांत सगळे पूर्ववत झाले.

या अभ्यासात आपल्या घरांसाठी दोन धडे आहेत. पहिला: संप्रेरके ठीक, ताकद ठीक, वैवाहिक जीवन ठीक, तरीही शुक्राणू कमी असू शकतात. म्हणून खालांनी पन्नास किलोच्या गोणीचा दिलेला दाखला खरा असला तरी इथे उपयोगाचा नाही. मर्दानगी आणि शुक्राणूंची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा: उष्णतेने झालेले नुकसान बहुधा भरून येते, पण वेळ लागतो. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि बाहेर पडण्याच्या तयारीला आणखी थोडे. म्हणजे आज केलेल्या सुधारणेचे फळ साधारण तीन महिन्यांनी दिसते. पंधरा दिवसांत गुण येईल असे कोणी सांगत असेल, तर त्याने हा हिशेब केलेला नाही.

संप्रेरकांचा कारभारही पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दोन निरोप पाठवते. एलएच नावाचा निरोप वृषणातल्या एका प्रकारच्या पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतो. एफएसएच नावाचा निरोप दुसऱ्या प्रकारच्या पेशींना, ज्या शुक्राणूंचे आईसारखे पोषण करतात, कामाला लावतो. उत्पादन पुरेसे झाले की वृषण उलट निरोप पाठवतात आणि वरचा हुकूम सौम्य होतो. उत्पादन घटले की वरून एफएसएच वाढते.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमी सैल अंतर्वस्त्र वापरणाऱ्यांच्या वीर्यात, घट्ट वापरणाऱ्यांच्या तुलनेत, शुक्राणूंचे प्रमाण २५ टक्के जास्त आढळले आणि एफएसएच १४ टक्के कमी. घट्ट कपडे घालणाऱ्यांचा मेंदू उत्पादन भरून काढण्यासाठी जास्त जोर लावत असावा, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. आपल्या आजोबा-पणजोबांचा सैल पायजमा आणि लुंगी या बाबतीत तरी जीन्सपेक्षा शहाणी होती.

इथे तरुण मुलांना एक कळकळीची गोष्ट सांगायची आहे. व्यायामशाळेत शरीर लवकर फुगावे म्हणून काही जण टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीच्या औषधांची इंजेक्शने घेतात. काही जण तर मूल व्हावे म्हणून 'ताकदीचे इंजेक्शन' घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूला वाटते उत्पादन भरपूर आहे, आणि तो एलएच-एफएसएच हे दोन्ही निरोप थांबवतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण वृषणाच्या आत, जिथे ते रक्ताच्या अनेकपट लागते, तिथे दुष्काळ. शुक्राणू बनणे बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांत दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊन पाहिले होते, ते पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून. त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये आले, आणि बहुतेक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरले नव्हते. जे औषध मूल होऊ नये म्हणून वापरून पाहिले, तेच आपली मुले मूल होण्यासाठी घेतात! इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचे उत्पादन परत सुरू होते, पण काहींना वर्ष-दीड वर्ष लागते. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेले नाही, तीही घेऊ नये. आत काय आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि पुढच्या डॉक्टरलाही कळत नाही.

आता रोजच्या जीवनातली उष्णता. मालेगावचा पारा उन्हाळ्यात ४२-४३ अंशांवर जातो हे आपण दरवर्षी वाचतो. पण घाम येणारे, मोकळे कपडे घातलेले शरीर हवेचा उकाडा बऱ्याच अंशी सांभाळून घेते. जास्त त्रास होतो तो जागच्या जागी साठणाऱ्या उष्णतेचा: तासन् तास ट्रकच्या गरम केबिनमध्ये मांड्या जुळवून बसणे, बेकरीच्या भट्टीसमोर उभे राहणे, सायझिंगच्या वाफेत काम करणे, मांडीवर लॅपटॉप ठेवून बसणे. एका अमेरिकी अभ्यासात तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्यावर तिथले तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलेले आढळले. याचा अर्थ प्रत्येक ट्रकचालक किंवा प्रत्येक भटियारा वंध्य होतो असा मुळीच नाही. त्यांची घरे लेकरांनी भरलेली आपण पाहतोच. पण ज्याचे उत्पादन आधीच काठावर आहे, त्याला ही उष्णता काठाखाली ढकलू शकते. रोजी-रोटी सोडा असे आम्ही म्हणणार नाही. दर दोन तासांनी गाडी थांबवून दहा मिनिटे चालावे, सीटवर हवा खेळेल असे विणलेले आसन घालावे, कपडे सैल आणि सुती असावेत, कढत पाण्यात बसणे टाळावे, तंबाखू आणि गुटखा सोडावा.

ताप हेही एक कारण आहे. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया यांत चार-सहा दिवस जोराचा ताप आला, तर त्यानंतर दोन-तीन महिने शुक्राणू कमी दिसू शकतात. अशा वेळी झालेली तपासणी खराब आली तर घाबरू नये. तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

आणि एक कारण असे की जे डॉक्टरांच्या हाताला लागते: व्हेरिकोसील. वृषणाकडून परत येणाऱ्या शिरा फुगतात, रक्त साचते, आणि गारवा देणारी ती सारी व्यवस्था बिघडते. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांत ते असते आणि बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या पुरुषांत ते तिघांमागे एकाला तरी आढळते. बहुधा डाव्या बाजूला असते. हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि खराब अहवाल असे दोन्ही असेल, तर छोट्या शस्त्रक्रियेने अनेकांना फायदा होतो.

मातांसाठीही एक महत्त्वाची सूचना. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी दोन ते चार मुलग्यांचे एक किंवा दोन्ही वृषण जन्मतः खाली उतरलेले नसतात. बरेचसे पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतरही उतरले नसेल तर वाट पाहू नये. वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, कारण पोटाच्या उष्णतेत राहिलेल्या वृषणाचे नुकसान वाढत जाते. आपल्या घरांत यासाठी एक सोय आपोआप आहे: खतना. खतना डॉक्टरांकडून करून घ्यावा, आणि त्या दिवशी एकच प्रश्न विचारावा, "डॉक्टरसाहेब, दोन्ही वृषण खाली आहेत ना?" लघवीचे छिद्र टोकाला नसून खाली असेल, तर खतना थांबवून आधी शल्यचिकित्सकाला दाखवावे, ती कातडी दुरुस्तीसाठी लागते. दहा सेकंदांची ही विचारपूस वीस वर्षांनंतरचे दुःख टाळू शकते.

मग तपासणी कशी करावी? निकाहला एक वर्ष झाले, पती-पत्नी एकत्र राहतात, कोणतेही साधन वापरत नाहीत आणि तरी दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी एकाच वेळी तपासणी सुरू करावी. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्यतपासणी. सुई नाही, भूल नाही, वेदना नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. प्रयोगशाळेत देण्याचा संकोच वाटत असेल तर आधी विचारून घरून आणता येतो, मात्र तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून पोहोचवावा. साध्या निरोधमध्ये नमुना घेऊ नये, त्याच्यावरचे औषध शुक्राणू मारते. अहवाल खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा; एका कागदावर निकाल लावू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमपुस्तिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि एकूण हालचाल ४२ टक्के या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. ही पास-नापासाची रेघ नव्हे. ज्यांच्या पत्नींना वर्षभरात दिवस राहिले अशा बाप झालेल्या पुरुषांपैकी शंभरातले पाच जण या रेघेच्या खालीच होते.

शुक्राणू फारच कमी निघाले तरी रस्ता संपत नाही. आपल्याच मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून परीक्षानळीतून गर्भधारणा झालेली मुलगी जन्मली. त्या काळी या उपचाराला बरेच शुक्राणू लागत. १९९२ मध्ये ब्रसेल्समधून असे तंत्र आले की एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडता येतो. ते मुख्यतः पुरुषाच्या कमतरतेसाठीच आहे. शरीअतच्या दृष्टीने अनेकांना शंका असते. १९८० मध्ये इजिप्तचे मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी दिलेल्या फतव्यात पती-पत्नीचेच बीज आणि कायम असलेला निकाह या अटींवर हा उपचार जायज ठरवला, आणि तिसऱ्या व्यक्तीचे बीज घेणे नाजायज. आपल्या आलिमांना जरूर विचारावे, आणि केंद्रात जाताना हेच स्पष्ट शब्दांत, लेखी सांगावे. २०२१ च्या कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच करू नये. हा उपचार महाग आहे आणि दर वेळी यशस्वी होत नाही, म्हणून त्याआधीच्या सोप्या पायऱ्या सोडू नयेत.

आता नामपूरकडे. त्या संध्याकाळी आम्ही खालांना एवढेच म्हटले की, दोष मुलात असेल तर दुसरा निकाह करून तुम्ही आणखी एका लेकीला याच रांगेत उभी कराल. खाला बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याला मी कसं सांगू? त्याचे अब्बा असते तर बोलले असते." शेवटी त्याच्याशी बोलले ते चाळवाले चाचा. काय बोलले ते आम्हाला ठाऊक नाही. बहुधा कांद्याचीच गोष्ट सांगितली असावी.

जूनमध्ये तपासणी झाली, जुलैमध्ये पुन्हा झाली. दोन्ही वेळा शुक्राणू मिलिलिटरला ६० लाखांच्या आसपास आणि हालचाल कमी. डाव्या बाजूला व्हेरिकोसील होते. पहिला अहवाल हातात आला त्या दिवशी तो मुलगा रात्री उशिरापर्यंत घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी तो सासुरवाडीला गेला आणि पत्नीला घेऊन आला. सासरच्या अंगणात सर्वांसमोर त्याने सांगितले की कमी माझ्यात आहे. आमच्या मते त्या घराचा खरा उपचार त्या दिवशी सुरू झाला.

सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. लांबच्या फेऱ्या त्याने कमी केल्या आहेत. या वर्षीच्या सुरुवातीला केलेल्या तपासणीत आकडा १ कोटी ४० लाखांपर्यंत आला. पाळणा हलला का, असे वाचक विचारतील. अजून नाही. डॉक्टरांनी आणखी काही महिने वाट पाहायला सांगितले आहे. पण दुसऱ्या निकाहची गोष्ट आता कोणी काढत नाही, आणि खालांनी मागच्या महिन्यात फोनवर सांगितले की सुनेचा ताईत त्यांनी स्वतःच्या हाताने काढून ठेवला.

संतान देणे न देणे अल्लाहच्या हाती आहे, यावर आपला ईमान आहे. पण दोष कोणाचा हे तपासणीशिवाय ठरवण्याचा हक्क त्याने आपल्याला दिलेला नाही. ज्या घरात निकाहनंतर वर्ष उलटले आहे आणि सून डॉक्टरांच्या दारी बसते आहे, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे: पुढच्या खेपेला तिच्याबरोबर मुलालाही पाठवा, आणि पहिला नमुना त्याचा द्या.